बाटलीवरचं नाव

प्रिय मार्सेल,

फोनवर हे बोलता येत नाही. तुझ्या मम्मी शेजारीच बसलेल्या असतात आणि तूही हल्ली दोन मिनिटांत फोन ठेवतोस. इथे वाडीतली मोटर जळाली होती, आलोशियसकाकांनी दुरुस्त करून आणली. आपली क्रिस्टीना मजेत आहे. मी मात्र गेला महिनाभर नीट झोपलेले नाही.

ईस्टरला आलास तेव्हा दहाही दिवस तू बाहेरच्या खोलीत झोपलास. कंबर दुखते म्हणालास. मला वाटलं, गोव्यात कामाच्या ठिकाणी दुसरी कोणीतरी आहे, म्हणून तुझी बॅग उघडली. मोज्यात गुंडाळलेली गोळ्यांची बाटली सापडली. तिच्यावरचं नाव कागदावर उतरवलं आणि बाटली होती तशी ठेवली. तू परत गेल्यावर मी आचोळ्याला गेले, आपल्या भुईगावातलं कोणी भेटू नये म्हणून. औषधवाल्याने कागद वाचून आवाज खाली केला. ‘एचआयव्हीच्या गोळ्या आहेत. कोणासाठी हव्यात?’ मी म्हटलं, ‘शेजारणीसाठी.’ घरी कशी पोचले आठवत नाही.

पुढचे नऊ दिवस मी वेड्यासारखी वागले. रोज अंगावर पुरळ शोधायची. तुझा टॉवेल परसात जाळला. क्रिस्टीना तुझ्या पेल्यातून पाणी पीत होती, तो असा हिसकावला की ती घाबरून मम्मींच्या मागे लपली. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला सगळे माझ्याकडेच बघताहेत असं वाटायचं.

दहाव्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेले. तिथे समुपदेशन करणाऱ्या रचनाताईंनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, ‘पेल्याने, टॉवेलने, मिठी मारल्याने, डास चावल्याने एचआयव्ही होत नाही. असुरक्षित संबंधातून होतो, बाधित रक्तातून, दुसऱ्याला वापरलेल्या सुईतून, आणि आईकडून बाळाला.’ मग विचारलं, ‘नवऱ्याशी शेवटचा संबंध कधी आला?’ मी मान खाली घालून सांगितलं, नाताळात. त्या म्हणाल्या, म्हणजे तीन महिने उलटून गेलेत, आता चाचणीत जे येईल त्यावर विश्वास ठेवता येईल. रक्त दिलं आणि तासभर बाकावर बसून राहिले. माझ्यामागे क्रिस्टीनाला कोण बघेल, एवढंच डोक्यात होतं. मग माझं नाव पुकारलं.

मला झालेला नाही, मार्सेल. रिपोर्ट हातात घेऊन मी तिथेच रडले. घरी येताना कळलं, दुसऱ्या कोणासाठी नव्हे, मला वाचवण्यासाठी तू बाहेर झोपत होतास. तरी रागही आला. इतके दिवस एकटाच हे घेऊन फिरलास! कसा झाला ते तू सांगशील तेव्हा ऐकेन. कदाचित भांडेनही.

परवा मम्मींना फोनवर म्हणालास की दोन वर्षं घरी येणार नाहीस, मॅग्डलीनला सांगा माझी वाट पाहू नको. ते ऐकून जी भीती वाटली, ती दवाखान्यातल्या बाकावरही वाटली नव्हती. म्हणून हे पत्र. गोळ्या एकही दिवस चुकवू नकोस. रचनाताई म्हणाल्या, नेमाने घेतल्या की विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तसाच राहिला तर संबंधातूनही बायकोला होत नाही. तोवर काय काळजी घ्यायची तेही त्या सांगणार आहेत. त्यांनी आपल्या दोघांना एकत्र बोलावलंय. मम्मींना मी काही सांगितलेलं नाही, तू म्हणशील तेव्हाच सांगू. अजून मला फार भीती वाटते. पण तुझी नाही. ये.

तुझीच,
मॅग्डलीन