चालू राहिलेला माइक

प्रिय इसिद्रो,

शनिवारी जे घडलं ते आधी क्रमाने लिहिते. तू ते आतापर्यंत तीन-चार जणांकडून ऐकलं असशीलच, आणि त्यातलं निम्मं चुकीचं असेल.

१. सकाळी आमची बोट ‘रुना’ आठ प्रवासी आणि मिसेस प्रूइट यांना घेऊन धक्क्यावरून निघाली. चालवायला बाबा, बाकी सगळं मी.
२. माहिती सांगण्यासाठी मी बसवलेलं यंत्र बंद करावं लागलं.
३. देवमासा दिसला. सोबत पिल्लू.
४. लाझारिया बेटाजवळ एका पाणमांजराचं पिल्लू वाहत येऊन आमच्या बोटीच्या पंख्याला टेकलं. इंजिन बंद केलं.
५. ओहोटीने बोट खडकाकडे ओढली. उजव्या बाजूचा रंग खरवडला, बाकी काही नाही.
६. माइक चालू राहिला.
७. मिसेस प्रूइट यांनी निर्णय दिला. तो शेवटी लिहिते.

मिसेस प्रूइट कोण, हे तुला माहीत नसेल. तू ऑरेगॉनला गेल्यानंतर त्या आल्या. लहान पर्यटक जहाजांवरच्या लोकांना कुठल्या बोटीतून कुठे फिरवायचं हे त्या ठरवतात. संपूर्ण उन्हाळ्याचं काम एका बोटीला मिळतं. ते ‘रुना’ला मिळालं नाही तर बाबा बोट विकणार, हे त्यांनी मार्चमध्येच जाहीर केलं होतं. विकून काय करणार, विचारलं तर म्हणाले, “खिडकीत बसेन आणि हवामानाला शिव्या देईन.” ते हे काम आत्ताही करतात, पण अर्धवेळ.

मिसेस प्रूइट यांची अट एकच होती. बोट कॅप्टनने चालवावी, पण बोलू नये. गेल्या उन्हाळ्यातली तक्रार त्यांच्यापर्यंत पोचली होती. तू गेल्यावर दोन आठवडे माहिती सांगायला कोणीच नव्हतं, तेव्हा बाबांनी माइक घेतला होता. पाणमांजरांचा तांडा दिसला की ते म्हणायचे, “मंडळी, डावीकडे पाहा, दरोडेखोरांची टोळी. पूर्वी इथले खेकडे आम्ही खायचो, आता हे खातात. हे स्वतः चवीला कसे लागतात ते कायद्यामुळे मला सांगता येत नाही.” एका बाईंची मुलगी त्यावर रडली. बाबांचे खेकड्यांचे सापळे कसे रिकामे पडले हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. त्या मुलीला माहीत असायचं कारण नव्हतं.

तर तुझी जागा भरायची होती. मी जाहिरात दिली. एकच माणूस आला आणि त्याला बोट लागली, तीही धक्क्याला बांधलेली असताना. म्हणून मी यंत्र केलं. माहिती माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित केली, प्रत्येक वाक्य नकाशातल्या एकेका जागेला बांधलं, आणि बोट त्या जागी पोचली की उपग्रहाच्या आधाराने ते वाक्य आपोआप वाजेल अशी व्यवस्था केली. सगळ्या वसंत ऋतूतली निरीक्षणं तपासून जागा ठरवल्या होत्या. चाचण्यांमध्ये यंत्राने हातभराचीही चूक केली नाही.

शनिवारीही केली नाही. चूक पाणमांजरांची होती. रात्री वारा फिरला आणि ती सगळी बेटाच्या आडोशाला निघून गेली. आमची बोट ठरल्या जागी आली, आणि माझा आवाज म्हणाला, “आपल्या डावीकडे पाहा. या वेळी पाणमांजरांच्या माद्या पोटावर पिल्लं घेऊन विश्रांती घेत असतात.” डावीकडून भंगार नेणारा तराफा चालला होता. सगळ्यांनी शिस्तीत त्याच्याकडे पाहिलं. ओहायोच्या एका गृहस्थांनी तोफेएवढ्या कॅमेऱ्याने त्याचे फोटो काढले. मिनेसोटाच्या मिसेस लुंडक्विस्ट नावाच्या वृद्ध बाईंनी मला विचारलं, “पिल्लं त्या फ्रिजच्या मागे आहेत का गं?” बाबा सुकाणूपाशी होते. ते काही बोलले नाहीत, अटच होती. पण त्यांची पाठ हसत होती.

मी यंत्र बंद केलं. मिसेस प्रूइट वहीत काहीतरी लिहीत होत्या.

मग तुझी नेना मावशी आली. शेपटीवरचा पांढरा डाग स्पष्ट दिसला, चूक शक्य नाही. ती हवाईहून पोचली आहे आणि या वेळी सोबत पिल्लू आहे. ही बातमी तुला हवी असेल म्हणून सविस्तर लिहिते. पिल्लू तिच्या डाव्या बाजूने पोहतं, उडी मारायचा प्रयत्न करतं आणि पोटावर आपटतं. तुझ्या खऱ्या नेना मावशीला मी दुकानात भेटले तेव्हा हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “या वयात?” तू देवमाशांना नातेवाइकांची नावं देणं बंद करायला हवंस असं मी पूर्वीही म्हटलं होतं.

नियमाप्रमाणे आम्ही लांब, इंजिन न्यूट्रलला टाकून थांबलो. लोक खूश झाले. मी सांगितलं, “ही मादी आहे. लांबी सुमारे पंचेचाळीस फूट.” याहून जास्त मला सुचलं नाही. तू असतास तर तिचा स्वभाव, तिची भांडणं, सगळं सांगितलं असतंस, आणि त्यातलं एकही सिद्ध करता आलं नसतं. लोक माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, “किंवा सेहेचाळीस.”

लाझारियाच्या आडोशाला पाणमांजरं सापडली, केल्पच्या, म्हणजे त्या लांब समुद्री शेवाळाच्या, वेलांत गुंडाळून घेतलेली, दाटीवाटीने. लाट वाढत होती, म्हणून सगळ्यांनी लाइफ जॅकेटचे पट्टे आवळावेत असं सांगणं भाग होतं. ही सूचना कॅप्टननेच द्यायची असते, तिथे मिसेस प्रूइट यांची अट चालत नाही. मी माझ्या कॉलरचा छोटा माइक काढून बाबांच्या रेनकोटला अडकवला. बाबा म्हणाले, “पट्टे आवळा,” आणि माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, दोनच शब्द बोललो. तेवढ्यात मागून किंकाळी ऐकू आली.

पाणमांजराचं पिल्लू कसं ओरडतं ते तुला सांगायला नको. आई शिंपले आणायला बुडी मारून गेली होती, पिल्लाभोवतीचा वेल सुटला होता, आणि ते बुचासारखं तरंगत येऊन थेट आमच्या पंख्यापाशी अडकलं होतं. बाबांनी तत्क्षणी इंजिन बंद केलं. आता पिल्लाला हात लावायचा नाही, हा कायदा. पंखा फिरवायचा नाही, हे उघड. आणि ओहोटी आम्हाला खडकाकडे नेत होती, हेही उघड. चाळीस वर्षं या जनावरांच्या नावाने बोटं मोडणाऱ्या माणसापुढे बोट एका बाजूला आणि ते दीड वितीचं पिल्लू दुसऱ्या बाजूला, असा प्रश्न होता. मी आकडीची काठी घेऊन पुढे गेले आणि खडकाला टेकवून उभी राहिले. बाबा दुसरी काठी घेऊन मागच्या फळीवर पालथे पडले आणि तिथून बोट रेटून धरायला लागले. त्यांचं तोंड पिल्लापासून हातभर अंतरावर आलं. माइक त्यांच्या कॉलरला होता. भोंगे सगळ्या बोटीवर होते.

“काय रे चोराच्या पोरा,” भोंग्यातून आवाज आला. “तुझ्या आजाने माझे सगळे खेकडे खाल्ले, ते पुरले नाहीत? आता माझा पंखा पाहिजे होय? ओरड, ओरड.”

मी ओरडून सांगितलं, “बाबा, माइक!” पण पिल्लू माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडत होतं.

“येईल हं तुझी आई,” बाबांचा आवाज खाली आला होता. असा आवाज मी त्यांचा फार वर्षांत ऐकला नव्हता. “खाली गेलीय. शिंपले आणायला. माझेच शिंपले, पण असू दे. येईल. सगळ्या येतात.”

मिसेस लुंडक्विस्ट यांनी रुमाल काढला. मला माइक बंद करायला मागे जायचं होतं. पण काठी सोडली असती तर बोट खडकावर गेली असती. मी पुन्हा पुन्हा हिशेब केला, उत्तर तेच येत होतं. त्यामुळे यापुढचं मी जागेवरून न हलता ऐकलं.

“तुझं बरं आहे बाबा,” बाबा पिल्लाला म्हणाले. “आई दिसली नाही, ओरडलास. मोकळा झालास. आमच्या घरी एक आहे. तिचा तो देवमासेवाला गेला दक्षिणेला, तर तोंडातून अवाक्षर नाही. पंप उघडते! चांगला चालणारा पंप. तीन वेळा उघडला. मी विचारलं, पोरी, काय बिघडलंय? तर म्हणते, वॉशर. वॉशर म्हणे! मी गप्प बसतो. जास्त विचारलं तर इंजिन उघडून बसेल, मग बोट कशी चालवू?”

सगळी बोट माझ्याकडे वळली. पाणमांजरांकडे एकही माणूस पाहत नव्हता. ओहायोच्या गृहस्थांनी कॅमेरा माझ्याकडे फिरवला. “हीच का ती?” मिसेस लुंडक्विस्ट यांनी मोठ्याने विचारलं, कारण त्यांना कमी ऐकू येतं. मिसेस प्रूइट म्हणाल्या, “शूऽ, ऐकू द्या.”

“पोरगा बरा होता,” भोंगा म्हणाला. “बडबड्या. पण घरात एकाने तरी बोलायला नको?”

तेवढ्यात पिल्लाची आई वर आली. तिने बाबांकडे एकदा पाहिलं, पिल्लाला मानगुटीला धरलं, पोटावर घेतलं आणि उताणी पोहत निघून गेली. बाबा उठून बसले. “गेली. आभार नाहीत, काही नाही,” ते म्हणाले, आणि सगळ्या बोटीने टाळ्या वाजवल्या. बाबांनी वळून पाहिलं. “काय झालं?” हे दोन शब्दही भोंग्यातून आले, तेव्हा त्यांना कळलं काय झालं.

परतीच्या वाटेवर समुद्रात आणखी काय काय होतं ते मला माहीत नाही, कारण प्रवाशांनी मला घेरलं होतं. पोरगा कुठे असतो? काय करतो? फोटो आहे का? मी वाऱ्याची दिशा सांगितली. “वारा राहू दे गं,” मिसेस लुंडक्विस्ट म्हणाल्या, “माझा मिस्टर चौदा महिने असाच घुम्यासारखा बसला होता, शेवटी मीच विचारलं.” पलीकडे बसलेला त्यांचा मिस्टर म्हणाला, “मी विचारणारच होतो.” “कधी?” त्या म्हणाल्या.

धक्क्याला लागल्यावर बाबा दोर बांधत राहिले, गरजेपेक्षा बराच वेळ. मग म्हणाले, “मला काय ठाऊक ते चालू होतं.” मी लाइफ जॅकेट गोळा करत होते. ते म्हणाले, “आणि खोटं काय बोललो?” मी म्हटलं, “दोनदा.” “काय दोनदा?” “पंप. तीनदा नाही, दोनदा उघडला.” त्यांनी विचार केला. “बरं, दोनदा,” ते म्हणाले, आणि दोर सोडून पुन्हा बांधला.

हे गाव केवढं आहे हे तुला माहीत आहे. रविवारी तुझी आई पान्सितच्या शेवया घेऊन आली, सहा जणांना पुरतील एवढ्या. घरात आम्ही दोघं. तिने मला काही विचारलं नाही, फक्त गालाला हात लावला आणि “खा” म्हणाली. म्हणजे तिला सगळं कळलं आहे, आणि तिला कळलं म्हणजे फोनवरून तुलाही कळलं असणार. माझा फोन तुला आला नाही, कारण फोनवर मी हवामान सांगते आणि ठेवते. लिहिताना वाक्य खोडून पुन्हा लिहिता येतं.

आता मुद्दा सात. काम ‘रुना’ला मिळालं, सप्टेंबरपर्यंत. मिसेस प्रूइट यांनी अट बदलली आहे: आता कॅप्टनने बोललंच पाहिजे. बाबा कालपासून स्वयंपाकघरात किटलीसमोर सराव करत आहेत आणि असह्य झाले आहेत. याचा अर्थ तुझी जागा भरली गेली. एप्रिलमध्ये मी तुला जे पत्र लिहायला घेतलं होतं आणि पाठवलं नाही त्यात काम होतं, पगार होता, तारखा होत्या. ते पत्र सोपं होतं. तू आला असतास तर कामासाठी, नसतास आला तर पगार कमी म्हणून, आणि दोन्हीकडे मला काही बोलावं लागलं नसतं. जाताना तू काही विचारलं नाहीस, मी काही सांगितलं नाही. आता बोटीला तुझी गरज नाही. तुला बोलवण्यासारखं एकही कारण माझ्याकडे उरलेलं नाही, आणि तरीही तू इथे यावंस असं मला वाटतं. बोटीसाठी नाही, माझ्यासाठी. हे वाक्य मी खोडलेलं नाही. बेलिंगहॅमहून जूनच्या पहिल्या शुक्रवारी इकडे येणारी फेरीबोट सुटते. हो असेल तर हो लिही, नाही असेल तर नाही लिही; पण बुधवार, २७ मेपर्यंत मला उत्तर दे.

माझ्या बाजूने तरी तुझीच,
सिग्ने