बगलेतले फुटवे

निपाणी,
१० फेब्रुवारी २०२५

विहीणबाईंना शालनचा जय जिनेंद्र.

आम्ही इकडे खुशाल. तुमचा गुडघा आता बरा आहे असं श्रद्धा म्हणाली, ऐकून बरं वाटलं. फोनवर तुम्ही हसता, मी हसते आणि मधे आमची लेक घाईघाईत दोन वाक्यं सांगते. त्यात माझं काही पोट भरत नाही, म्हणून हे पत्र. श्रद्धा, सासूबाईंना एकही शब्द न गाळता वाचून दाखव. लाजायचं काम नाही.

तुम्ही बेल्जियममधून तुमच्या बागेतलं बी कागदाच्या पुडीत पाठवलंत. पुडीवर चित्र नव्हतं. श्रद्धा म्हणाली, "बारका बारका कोबी लागतोय आई." कुठं लागतो ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाजारात बघितलेला कोबी म्हणजे वर एक गड्डा, एवढंच माझं ज्ञान. गणपती झाल्यावर रोपांसाठी वाफ्यात बी पेरून तरू टाकला आणि रोपं हाताला आल्यावर परसात लावली. रोज चहाचा कप घेऊन बघायला जायची. झाड कमरेला लागलं तरी वर गड्डा काही धरेना.

आमच्या ह्यांनी मात्र त्या झाडांकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. कारण तुम्हाला ठाऊक आहे. मुलीनं परक्या देशातला, परक्या धर्माचा नवरा केला म्हणून बेळगावातल्या लग्नालासुद्धा हे आले नाहीत. पुडी बघून एवढंच म्हणाले, "त्यांचं बी त्यांच्याकडंच बरं हुतं."

डिसेंबरात पानांच्या बगलेत हिरवे मणी दिसायला लागले. दुसऱ्या दिवशी बघते तर गायब! वर नवे यायचे, तेही जायचे. मी शेजारच्या नागुबाईच्या शेळीला लाखोली वाहिली, तर ती पदर खोचून भांडायला आली. "माझी शेळी एवढं पान सोडून नुसता मणी खाती व्हय गं?" बोलणं बरोबर होतं. पान शाबूत, देठ शाबूत, मग हा चोर कोण?

एके सकाळी मंदिरातून जरा लवकर आले, तर हे परसात वाकलेले. चिमटीत धरून एकेक मणी टचकन मोडत होते.

"अहो, काय करताय?"

"फुटवं काढतोय. बगलंत फुटवं ठेवल्यावर झाड वर कसं पोसंल? गड्डा धरंना म्हणून रोज वराडतीस की!"

जन्मभर तंबाखू केलेला माणूस. तंबाखूच्या पानाच्या बगलेत फुटवा आला की खुडायचा, नाहीतर पान पोसत नाही. बघायचं नाही म्हणून बसलेला हा माणूस रोज माझ्या नकळत तुमच्या झाडांची चाकरी करत होता. मला इतकं बरं वाटलं की रागवायचं राहूनच गेलं.

त्याच दिवशी श्रद्धाला फोटो पाठवला. उत्तरात तुमच्या बागेचा फोटो आला. बुंध्याला खालपासून वरपर्यंत मणीच मणी, आणि गड्डा कुठंच नाही. फोन ह्यांच्यापुढे धरला. ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"म्हंजे मी पीकच खुडलं की गं."

जेवण धड गेलं नाही त्यांना. ताटावरून उठताना म्हणाले, "पोरीच्या सासूनं एवढ्या लांबनं बी दिलं, आनि मी..." पण विहीणबाई, 'पोरीची सासू' हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. चुलीकडे तोंड करून रडले मी.

शेंड्याजवळचे फुटवे वाचले होते. मग ते पोसावेत म्हणून ह्यांनी शेंडा मोडला, आणि ते आवळ्याएवढे झाले. आता खायचं कसं? आमच्या घरी कोबी शिजत नाही, पानांच्या पदरांत बारीक जीव असतात म्हणून. लावताना मी तो विचारच केला नव्हता, मला फक्त उगवतं का ते बघायचं होतं. ह्यांना विचारलं, हा कोबी की फुटवा?

"फुटवाच. मी खुडलाय, मला ठावं न्हाई व्हय?"

तरी मी चिरून पान न् पान उजेडात धरून बघितलं. स्वच्छ होतं. मोहरी, जिरं, हिरवी मिरची घालून परतलं, वाफ दिली, वरून दाण्याचं कूट. कडसर लागलं म्हणून गुळाचा खडा टाकला. ह्यांनी भाकरीबरोबर मागून घेतलं. तुम्ही कशात परतता? कडूपणा कसा काढता? जरूर कळवा.

एक उत्तर मी मुद्दाम टाळत होते. येत्या हिवाळ्यात श्रद्धा, जावई आणि तुम्ही आलात तर आमच्याकडं उतरायचं की बेळगावात हॉटेल बघायचं, असं तुम्ही विचारलं होतंत. माझी विहीण हॉटेलात उतरली तर मला मेल्याहून मेल्यासारखं होईल. पण 'या' म्हणणं माझ्या एकटीच्या हातात नव्हतं. काल धीर करून ह्यांना विचारलं. उठून परसात गेले.

आत्ता मात्र शेजारी येऊन बसलेत. "मलाबी कायतरी इचारायचंय त्यास्नी," म्हणतात. पेन त्यांच्याकडे देते.

तुमची,
शालन

विहीणबाईंस नमस्कार.

शेंडा कधी मोडावा ते समजले नाही. मी अंदाजाने मोडला. फोटोत कळत नाही, समोर उभे राहून दाखवावे लागेल. हिवाळ्यात आलात तर उशीर होईल. गणपतीनंतर तरू टाकतो, तेव्हाच या आणि शेंडा मोडेपर्यंत राहा. बी घेऊन या. जावईबापूंनाही आणा. कुठला फुटवा खुडायचा आणि कुठला ठेवायचा, ते मी आणि जावईबापू दोघे तुमच्याकडून शिकून घेऊ.

हॉटेल बघू नये.

आपला व्याही,
रायाप्पा