सोळा इंचांची फरशी

मैलूर, बीदर
३ जानेवारी १९८९

ती. अप्पांच्या चरणी सुमतीचा शि. सा. न.

वि. वि. आपली दोन्ही पत्रे पोचली. पहिल्याचे उत्तर यायच्या आत दुसरे टाकत जाऊ नये. मी खुशाल आहे.

काम मात्र अडले आहे. तंत्रनिकेतनात मी मुलांना चंद्रगाडी चालवायला शिकवते, हे आपण औरादभर सांगितलेच आहे. गाडी म्हणजे चाकांचा हातभर खोका, तारेने संगणकाला जोडलेला. सात पावले पुढे, मग उजवीकडे, अशा आज्ञा मुले आधी लिहून ठेवतात. एक पाऊल म्हणजे एक शहाबादी फरशी. सोपे जावे म्हणून हे माप मीच ठरवले. प्रत्येक आज्ञा कळ दाबून सोडायची. चंद्र दूर, म्हणून ती मुद्दाम तीन सेकंद उशिरा पोचते. धीर सुटून कळ पुन्हा दाबली, की गाडी दुप्पट जाते.

प्रयोगशाळेत, खडूने आखलेल्या खड्ड्यांच्या मधून, ती बिनचूक गेली. सभागृहात फरश्या मोजून तोच नकाशा मांडला, लाल माती पसरून तिच्यात खड्डे केले. तिथे तिसऱ्या खड्ड्यात पडते. पाच वेळा पडली. आज्ञा नागम्मा या विद्यार्थिनीने लिहिल्या आहेत. मी ओळ न् ओळ तपासली. चूक सापडत नाही.

बारा तारखेला प्राचार्य पाहणार. गाडी पलीकडे पोचली नाही तर एकुलता संगणक कचेरीत टंकलेखनाला जाईल, असे त्यांनी सांगितले आहे. मग हा वर्ग राहणार नाही.

जेवते, असे आईला सांगावे.

आपली,
सुमती

औराद
६ जानेवारी

चि. सुमतीस अप्पांचे अनेक आशीर्वाद.

पत्र आज आले. काळजीत असलीस की तुझी वाक्ये आखूड होतात, हे शाळेपासून ठाऊक आहे. तुझी आई म्हणायलीय, चंद्रावर गाडी न्यायच्या आधी पोरीनं औरादची बस कामून धरू नये. मी तिला गप्प केले. म्हणजे तिने मला केले.

यंत्रातले मला कळत नाही. तीस वर्षे मोजणीखात्यात शेते मोजली, तेवढेच कळते. साखळी ताणून पाहिल्याशिवाय आम्ही बांधावर पाय ठेवत नसू. ओढाताणीने कड्या लांबतात, आणि आकडेमोड बरोबर असूनही शेत चुकते. तू ओळी तपासल्यास. फरशी तपासलीस का?

हे पत्र पोचेल न पोचेल, म्हणून उद्या आणखी एक टाकतो.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
नरहरराव

मैलूर, बीदर
१३ जानेवारी

ती. अप्पांस सुमतीचा शि. सा. न.

वि. वि. फरशी मोजली. प्रयोगशाळेची बारा इंच, सभागृहाची सोळा. खड्डे लांब गेले होते, गाडी बारा इंचांचेच पाऊल टाकत होती. चूक नागम्माची नव्हती, माझी होती. वर्गात तसे सांगितले. नागम्माने पावलामागे चाकाचे तीन फेरे होते ते चार केले. बाकी काही बदलावे लागले नाही.

काल प्राचार्यांसमोर गाडी तिसऱ्या खड्ड्याच्या काठाशी थांबली. वळायची आज्ञा कळ दाबून सोडली होती आणि काहीच होत नव्हते. तीन सेकंदांचा नियम माझाच. तरी माझे बोट कळेकडे गेले. नागम्माने माझे मनगट धरले, आणि ती हळूच म्हणाली, की मॅडम, थांबा, निरोप वाटंत हाय.

गाडी वळली. पलीकडे पोचली. संगणक आहे तिथेच राहणार.

आपले दुसरे पत्र आज मिळाले. तिसरेही निघाले असेल. पुढच्या शनिवारच्या बसने येते, एकदाच येते. तोवर आपण काठाशी उभे असाल, हे जाणून आहे. थांबावे. निरोप वाटेत आहे.

माया आहे तशीच असू द्यावी.

आपली,
सुमती