हाकेला ओ

३ फेब्रुवारी, होबार्ट
आज विद्यापीठाच्या ग्रंथालयात कामाला लागले. इथे काम करणाऱ्या शेरिलने माझ्यासाठी घरून लॅमिंग्टन केक करून आणले होते. सगळ्यांनी मिळून चहा घेतला. खिडकीतून डोंगर स्वच्छ दिसत होता. वरच्या मजल्यांवर आता एकही पुस्तक नाही. कोच, संगणक, कॉफी, गटाने बसायच्या काचेच्या खोल्या. मुलं खुशीत असतात. ग्रंथालयप्रमुख ग्लेन हारकॉट म्हणाला, पुस्तकं फोनमध्ये मावतात, मुलं मावत नाहीत. उरलेली पुस्तकं तळघरात आहेत. तीही या सत्रात जायची आहेत.

मर्ल माझी थोरली बहीण, हे इथे कुणाला ठाऊक नाही. आमची आडनावं वेगळी. गेल्या वर्षी याच तळघरात तिचा जीव गेला.

६ फेब्रुवारी
शेरिलने तळघरातली सरकती कपाटं दाखवली. सगळी रुळांवर, एकमेकांना चिकटून. कडेचं चाक फिरवलं की एक वाट उघडते आणि दुसरी मिटते. म्हणून आधी हाक मारायची, "आत कुणी आहे का?" मगच चाक. हाक विसरलीस तर तुझ्या वाटणीचा केक माझा, असं शेरिल म्हणाली आणि तिने चाकावरचा हात झटकन काढून घेतला.

मर्ल मिटणाऱ्या वाटेत होती. चाक ग्लेनच्या हातात होतं. चौकशीत त्याने सांगितलं, मी हाक मारली, तिनेच ओ दिली नाही. खरंच मारली होती का, एवढंच मला हवं आहे.

१२ फेब्रुवारी
सकाळी हाक मारली. आतून ओ आली, "आहे गं, उने."
वाट रिकामी होती. मला, उनाला, 'उने' फक्त मर्ल म्हणायची. मी घाबरले नाही. चाकाशी बसून रडले. तिला पुरलं तेव्हाही रडले नव्हते.

१८ फेब्रुवारी
ती रोज बोलते. सांगते, तिचा जीव गेला त्या दिवशी पाहुणे आले होते. एवढी पुस्तकं किती थोड्या जागेत दाबता येतात, हे ग्लेनला त्यांना दाखवायचं होतं. त्याने हाक मारलीच नाही. हाक न मारता चाक फिरवेल तो माझा, असं ती म्हणते.

चहाच्या वेळी सगळ्यांदेखत मी ग्लेनला विचारलं, त्या दिवशी हाक खरंच मारली होतीस का. तो हसला. म्हणाला, "काय उनाबाई, आधी पोलिसात होतीस का?" मग म्हणाला, तिला ऐकूच कमी यायचं. मर्लला! दोन खोल्यांपलीकडची कुजबुज ऐकायची ती.

२५ फेब्रुवारी
काय काय फेकायचं ते बघायला ग्लेन खाली आला. वाटेत शिरला. शीळ घालत होता. मी चाकाशी. तोंड उघडलं नाही.
किती हलकं फिरतं ते.

२६ फेब्रुवारी
पोलिसांना सांगितलं — हाक मारली होती. त्यानेच ओ दिली नाही.
त्यांनी मान डोलावली.

५ मार्च
तळघर पुन्हा उघडलं. मर्ल बोलत नाही. झालं ना गं तुझ्या मनासारखं? — काहीच नाही. नुसता कपाटांचा करकर आवाज.

९ मार्च
तिच्या वाटेत येऊन बसले आहे. बोल म्हणून विनवते आहे —
बोलली. एवढंच. तूही हाक मारली नाहीस, उने.
हात गार पडलेत. उठता येत नाही —
बाहेर शेरिल. पुस्तकं न्यायला ट्रक आलाय. हाक मारते आहे, "आत कुणी आहे का?"
मी ओरडते आहे. तोंडातून आवाज —
जिन्याकडून कुणीतरी ओ दिली. माझ्याच आवाजात. "मी इकडे आहे गं, फिरव खुशाल."
शेरिल म्हणाली, बरं.
शेरिल, नको, मी आत —