किटलीचा हात, चमच्याचा हात

४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गुडघे धरतात म्हणून रडगाणं गातेस आणि त्याच कागदावर स्टुलावर चढून वरचे डबे उतरवल्याचंही सांगतेस. धन्य आहे बाई तुझी!

सोबत तीन पुड्या आहेत. पहिलीत ऊलाँग चहा, दुसरीत हिरवा, तिसरीत काळा. माझं मत लिहीत नाही. आजोबांनी आधी तुला आणि मग मला चहा चाखायला शिकवलं, तेव्हाचा पहिला नियमच तो होता, दुसऱ्याच्या जिभेवर आपलं मत ठेवायचं नाही. तिन्ही चाख आणि परखड लिही. गोड बोलायची सवय तुला नाहीच म्हणा.

इकडे नुसती धांदल आहे. सव्वीस तारखेला कंपनीत मोठी चाखणी. पाच खरेदीदार येणार, आणि मुख्य चाखणारे आमचे हे. मी त्यांची मदतनीस, म्हणजे पाणी उकळा, पानं तोला, घड्याळ बघा. यांचा पारा सध्या सतत चढलेला असतो. जबाबदारी मोठी आहे, चालायचंच.

परवा चाखायच्या खोलीत माझ्या हातून किटली निसटली आणि डाव्या हातावर उकळतं पाणी पडलं. मनगटापासून बोटांपर्यंत वरच्या बाजूला टरारून फोड आलेत. चमच्याचा हात शाबूत आहे, त्यामुळे काम काही अडलं नाही. उगाच काळजी करत बसू नकोस.

लोभ आहेच, तो कोमट होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


९ मार्च

चि. सौ. भिंगरीस,
अ. उ. आ.

आधी चहा. ऊलाँग पहिल्या पाण्याला गप्प होता, दुसऱ्याला बोलायला लागला आणि चौथ्यापर्यंत थांबेना. भाजलेल्या दाण्यांचा वास, शेवटाला गोडवा. एकदम भला माणूस! हिरवा कोवळ्या मटारासारखा आहे, पण पाणी उकळल्यावर जरा निवू दे आणि मग ओत, नाहीतर कडू होऊन सूड घेईल. काळ्याचा रंग बघून हुरळले, घोट घेतला आणि थू! पोत्यांना ओल लागलीय. बंद तळघरासारखा वास येतो. हा माल खरेदीदारांपुढे ठेवलात तर भर सभेत नाक कापलं जाईल.

आता तुझ्या हाताचं. भिंगरे, मी म्हातारी झालेय, खुळी नाही. आपल्या घरात किटली डाव्या हातात, चमचा उजव्यात. चमचा थरथरला तर चव हुकते, म्हणून चांगला हात चमच्याला. चाळीस वर्षं मी तसंच ओतलं आणि तूही सहाव्या वर्षापासून तसंच ओततेस. डाव्या हातातली किटली निसटली तर पाणी पायावर पडेल, टेबलावर पडेल, फार तर उजव्या हातावर उडेल. ज्या हाताने किटली धरलीय त्याच हातावर वरून धार पडायला तू काय सर्कशीत आहेस?

किटली दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होती. कुणाच्या, ते लिही. मला वाटतंय तोच असेल, तर त्याच्या नरड्यात उकळती किटली रिकामी करीन आणि वर घड्याळ लावून तीन मिनिटं मुरू देईन. मला धमक्या द्यायची सवय नाही, हे तुला ठाऊक आहे. उलट टपाली उत्तर हवं.

आशीर्वाद तुला, शिव्या त्याला.

आत्या


१४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. फाडायला घेतलं, फाडवेना. पिठाच्या डब्यात लपवून ठेवलं आणि दोन दिवस पीठ मळताना रडले.

खरं लिहिते. गेल्या वर्षीच्या तापानंतर त्याची चव गेली. वासही गेला. साखर कुठली आणि मीठ कुठलं, तेही त्याला कळत नाही. हे फक्त मला माहीत आहे. चाखणीच्या वेळी आधी मी घोट घेते आणि चमचा कपाच्या काठावर वाजवते. एकदा म्हणजे उत्तम, दोनदा म्हणजे मध्यम, तीनदा म्हणजे बाद. मग तो डोळे मिटून मान डोलावतो आणि लोक म्हणतात, काय जीभ आहे!

तो काळा चहा त्याने मी नसताना मालकांसमोर पास केला होता. दुसऱ्या दिवशी मी चाखला आणि सगळ्यांदेखत बोलून गेले की याला ओल लागलीय. लोक गेल्यावर त्याने दार लावलं, माझा डावा हात टेबलावर दाबून धरला आणि ओतलं. म्हणाला की उजवा सोडतो, तो मला लागतो. त्याआधी बरगडी मोडून झालीय, मूठभर केस उपटून झालेत. तोंडावर मात्र मारत नाही. तोंड त्याच्या कामाचं आहे ना.

रागावू नकोस, पण एक विचारते. तुझ्याही डाव्या हातावर मनगटापासून बोटांपर्यंत असाच डाग आहे. लहानपणी मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, किटली निसटली. मला खोटं शोधावं लागलंच नाही, आत्या. तुझं तोंडपाठ होतं.

माया कर, पण खरं लिही.

भिंगरी


१८ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

हो.

तुझ्या काकांनी, माझ्या नवऱ्यानेच ओतलं. ऊलाँग जरा जास्त मुरला, एवढंच निमित्त. बाहेर गिऱ्हाईक बसलं होतं म्हणून मी तोंडात फडकं कोंबलं. त्यानंतर बावीस वर्षं त्याच माणसाच्या हातात रोज दोन वेळा कप दिला. माझा पुढचा दात त्याने पाडला तेव्हा जिन्यावरून पडले असं सांगितलं. तो मेला त्या दिवशी मी धाय मोकलून रडले, आणि सगळ्यांना वाटलं नवऱ्यासाठी रडतेय. मी माझ्या बावीस वर्षांसाठी रडत होते.

एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही. तुझ्या आजोबांनी माझा भाजलेला हात बघितला. मग उजव्या हातातला चमचा बघितला. किटली कुठल्या हातात धरायची हे ज्यांनी मला शिकवलं, त्यांना कळायला कितीसा वेळ लागणार? मान खाली घातली आणि म्हणाले, जपून ओतत जा पोरी. पाण्याने भाजलं नव्हतं तेवढं त्या शब्दांनी भाजलं.

मी तुला जपून ओत म्हणणार नाही. तू निघ. सव्वीस तारखेची वाट बघू नकोस. त्याची फजिती बघायची हौस असेल तर ती सोड, मेलेल्या बाईला फजिती दिसत नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी निघ. माझ्याकडे दोन खोल्या आहेत आणि शंभर डबे, त्यात तू मावशील. सत्तावीसपर्यंत दारात दिसली नाहीस तर गुडघ्यांना शिव्या घालत मी तिकडे येईन, आणि तेव्हा माझ्या पिशवीत चहाच्या पुड्या नसतील.

दार उघडं आहे.

आत्या


२८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तार मिळाली असेल, म्हणजे तू निघाली नसशील. अक्षर कोंबडीचे पाय आहे, सांभाळून घे. डाव्या हाताने लिहितेय. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलंय.

तुझं ऐकायला हवं होतं, कबूल. पण मी गुपचूप पळाले असते तर तो म्हणाला असता बायको भ्रमिष्ट आहे, आणि लोकांनी त्याच्या जिभेवर विश्वास ठेवला असता. ती जीभ माझी होती गं. मला ती परत हवी होती.

टेबलावर नऊ कप होते. तीन ऊलाँग, तीन हिरवे, तीन काळे, आणि त्यातला कुठला कुठल्या पोत्याचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तो चमच्याच्या आवाजाची वाट बघत थांबला. मी चमचा टेबलावर ठेवला. त्याने माझ्याकडे डोळे वटारून बघितलं, पण मी चमचा उचलला नाही. अंदाजाने सहा कप पार पाडले त्याने. सातव्यात त्याने पास करून ठेवलेला तो ओल लागलेला काळा होता, वासावरूनच मी ओळखला. डोळे मिटून म्हणाला, मधाचा सुगंध, यंदाचा सर्वोत्तम. एका म्हाताऱ्या खरेदीदाराने घोट घेतला, तिथल्या तिथे थुंकला आणि त्याच्याकडे बघतच राहिला. मग मी सांगून टाकलं की साहेबांना वर्षभर चव नाही, तुम्ही ऐकत होतात ते मत माझं.

भरलेली लोखंडी किटली, आत्या. ती त्याने दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्या मनगटावर आदळली. हाड मोडल्याचा आवाज आधी ऐकू आला, कळ नंतर आली. उकळतं पाणी दोघांच्याही पायांवर सांडलं तरी त्याला भान नव्हतं. दुसऱ्यांदा उचलली ती डोक्यासाठी. मी डाव्या हाताने चहा थुंकायची पिकदाणी उचलली, पितळी, काठोकाठ भरलेली, आणि त्याच्या तोंडावर हाणली. त्याचे दोन दात पडले. तुझा एक होता, एक व्याज समज. तरी तो अंगावर येतच होता. टेबल उलटलं, नऊच्या नऊ कप फुटले, पाच जणांनी त्याला तुकड्यांत पालथा पाडून धरला तेव्हा कुठे थांबला. पोलीस घेऊन गेले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं झालं. खरं सांगू? पाच साक्षीदार बाहेर बसलेले, तरी जिभेवर तेच आलं, किटली निसटली. पण आपल्या कामात खराब घोट गिळत नाहीत, थुंकतात. मीही थुंकले. नवऱ्याने मारलं असं स्पष्ट सांगितलं आणि लिहून घ्यायला लावलं. मग त्यांनी डाव्या हाताच्या डागाबद्दल विचारलं. तेही लिहायला लावलं. सही डाव्या हाताने केली.

शनिवारच्या गाडीने येते. उजवा हात पुन्हा पूर्वीसारखा स्थिर होईल की नाही, ते डॉक्टरीणबाई आत्ताच सांगत नाहीत. मला त्याची फार भीती वाटते, तुझ्याशिवाय कुणाला सांगू? पण तुझा उजवा चांगला आहे, आणि माझा डावा आता कुठलीही किटली पेलेल. लोभ आहे तो तसाच राहू दे. चमचा तू धर, मी ओतते.

तुझीच,
भिंगरी