पाच वटवाघळं

४ नोव्हेंबर २०२४, सांगली

डॉक्टर आज सरळच बोलले — नीलिमाला महिना, फार तर दीड. तिला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही! पस्तीस वर्षांचा संसार, माझं तोंड बघूनच कळलं असेल. नुसतं म्हणाली, कोरेगावच्या घरी जाल तेव्हा आत्यांची तपकिरीची बाटली घेऊन या. या दुखण्यात आईची बाटली कशाला? पण हो म्हणालो.

६ नोव्हेंबर, कोरेगाव

सापडली. ट्रंकेत, माझ्या फौजेच्या स्वेटरात गुंडाळलेली.

ब्याण्णव साली गंगटोकच्या बाजारातून आईला आणली होती. चिनी, जुनी. बोटभर उंच. दुधी काच, वर लाल काचेचा थर, आणि तो थर कोरून काढलेलं फळ — भोवती पाच वटवाघळं. आई फळाला आंबा म्हणायची. गल्लीत सगळ्यांना दाखवून ऐटीत तपकीर ओढायची.

पुढच्या सुट्टीत आलो तर वटवाघळं गायब! विळ्याला धार लावायच्या दगडावर तिनं घासून टाकलेली. 'आसलं घरात नगं' एवढंच म्हणाली. मी घर डोक्यावर घेतलं. छप्पन्न साली दीक्षा घेऊन देव सोडले आपण, आणि तू वटवाघळाला भितेस? बोलणं टाकलं ते टाकलंच. सात वर्षं, ती जाईपर्यंत. आजही बोट फिरवलं की खरखर लागते आणि राग येतो.

७ नोव्हेंबर

एसटीला गर्दी. कऱ्हाडपर्यंत उभा. बाटली खिशात.

८ नोव्हेंबर, सांगली

प्रबुद्धनं बाटलीचा फोटो काढून मोबाईलवर शोधलं. चीनमध्ये म्हणे वटवाघूळ शुभ! पाच म्हणजे पाच सुखं — दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचार, आणि शेवटी शांत मरण. आंबाही आंबा नाही, पीच. तोही दीर्घायुष्याचाच. पोरगा आईचं मन रमावं म्हणून हौसेनं सांगत होता. मी बाटली त्याच्या हातातून घेतली.

चष्मा लावून पाहिलं. बुचाखाली एकाचा पंख उरलाय. पाचातलं कुठलं, कोण सांगणार? पाचवं असू दे. बाकी काही मागत नाही.

मी, अंधश्रद्धेवर गावोगाव भाषणं ठोकणारा, काचेच्या पंखाकडे मागतोय! लाज वाटली. तरी मागितलं.

११ नोव्हेंबर

इंजेक्शन आता तासभरही पुरत नाही. कण्हत असते. पंखानं काही होत नाही.

१२ नोव्हेंबर

दुपारी तोंडातून गेलंच — आपलं सगळं सुख आईनं दगडावर घासलं.

नीलिमानं बाटली मुठीत धरली. म्हणाली, "आवं, आत्यांस्नी बोल लावू नगा. घासून टाका म्हनून मीच रडून सांगितलं व्हतं. दोनदा पोट रिकामं झालेलं, प्रबुद्ध पोटात व्हता, लय भ्याले व्हते मी. आत्या म्हनल्या, त्यो चिडंल, पर तुझं नाव म्या सांगायची न्हाई."



सात वर्षं, दर सुट्टीला, आई उंबऱ्यात बसलेली असायची. मी आलो की सरकून वाट द्यायची. मी तसाच आत जायचो.