खांदेश्वरहून आणलेला ट्रॉम्बोन

१२ नोव्हेंबर

बघून आलो! खांदेश्वरला. फोटोपेक्षा चांगला आहे. मोठ्या बोअरचा, म्हणजे नळी रुंद. बँडमधल्या माझ्या ट्रॉम्बोनसारखा किंचाळत नाही, खोल बोलतो. मुंबईच्या ऑर्केस्ट्राच्या निवडीला असाच हवा, स्पष्ट कळवलंय. तिथे शिक्षण विचारत नाहीत, वाद्य विचारतात. बारावी सोडलेल्या माझ्यासारख्याला एवढं एकच दार दिसतं.

विकणाऱ्या स्मिताकाकू. वाद्य त्यांच्या यजमानांचं, सुभाष सरांचं. पूर्वी नौदलाच्या बँडमध्ये होते, आता फुप्फुसं गेली. आतल्या खोलीतून खोकला ऐकू येत होता. म्हटलं, सरांना नमस्कार करून येऊ? "नको रे, आत्ताच डोळा लागलाय."

खोकणाऱ्याचा डोळा कसा लागेल? विचारलं नाही. मला असं विचारता येतच नाही.

"दोन-चार दिवस घरी वाजवून बघ. नाही जमलं तर परत आण."

१३ नोव्हेंबर

दम पुरत नाही! हळदीच्या नाचात गाल फुगवून, जीव खाऊन फुंकायची सवय. इथे जोर लावला की सूर फाटतो. श्वास सैल सोडला तर — कसं लिहू — खोली भरते. एकदाच जमलं. पुन्हा नाही.

आमच्या बँडचे मालक गोटीराममामा दारातूनच ओरडले, "तोप आनलीस का रं हरेश? हलदीन वाजवाची, का लराईला नेवाची?" सगळे हसले. मीपण.

१४ नोव्हेंबर

वाईट झालं.

पुसण्यासाठी स्लाइडची, म्हणजे सूर बदलायला पुढे-मागे सरकते त्या भागाची, बाहेरची नळी काढली. आतल्या चकचकीत नळ्या उघड्या, पलंगावर. फडकं आणायला गेलो तेवढ्यात आईने त्यांना हळद-कुंकू लावलं. वर तांदूळ. "नवी वस्तू घरान आयली, तशीच ठेवाची?" मी परत येऊन तोंड उघडायच्या आत दारात आलेल्या मामांनी बाहेरची नळी उचलून दामटून बसवली — कर्र!

धुतलं. पुसलं. तेल दिलं. तरी सरकताना मधेच अडकते. उजेडात धरली की ओरखडा दिसतो, केसाएवढा.

आई म्हणते, "आता बघ कसा गोर वाजल." गोड कसला वाजणार? तिला काय सांगू? तिने तर पूजा केली.

१५ नोव्हेंबर

जेवलो नाही.

१६ नोव्हेंबर

काकूंना फोन करून खरं सांगितलं. शिव्या खायची तयारी ठेवली होती. त्या म्हणाल्या, "असू दे. तू घे म्हणजे झालं. पण आता परत आणू नकोस हं."

पैसे पाठवले. निवड येत्या रविवारी. वाद्य माझं झालं — आनंद व्हायला हवा होता. पुन्हा उजेडात धरून ओरखडाच बघत बसलो.

१७ नोव्हेंबर

काकूंच्या नंबरवरून फोन. पण आवाज पुरुषाचा, दर दोन शब्दांना धाप. सुभाष सर!

"हिच्या फोनमध्ये 'हरेश ट्रॉम्बोन' दिसलं, म्हणून लावला. सर्व्हिसिंगला तुझ्याकडेच दिलाय ना माझा? घाई नाही. फक्त स्लाइडला तेल जास्त देऊ नकोस. बरा झालो की लागेल मला."

मागून काकू — "अहो, कुणाला लावलात?"

सर म्हणाले, "तू दुरुस्तीवालाच ना?"

हो म्हणालो.